कॅनच्या झाकणाखालचं पत्र

“आता हे सांगितलं तर कुणालाबी खरं वाटायचं न्हाय,” तात्याबांनी मांडी बदलली, “पण माझ्या दादासोनं दुधात नुसतं बोट बुडवलं आन् भीमाला म्हणाला, तुझी म्हैस काल शेजाऱ्याच्या मकंत शिरली हुती. सतरा कणसं खाल्ली तिनं.”

“मागल्या खेपंला चौदा हुती,” सरुबाई म्हणाली.

“चौदा तवाच कळली. तीन मागनं शेणात घावली.”

शंभूराज हसले. वडगाव निंबाळकरच्या हायस्कुलात क्लार्क असलेला हा जावई लग्नाला दहा वर्षं झाली तरी सासऱ्याच्या बोलण्यातलं काय मानायचं आणि काय सोडायचं ह्याचा निकाल लावू शकला नव्हता. सकाळीच शंभूराज आणि सरुबाई, दोघं नवरा-बायको नरसिंहपूरला संगमावर जाऊन आली होती आणि परत जाताना निरवांगीत, सरुबाईच्या माहेरी, जेवायला थांबली होती. प्रसादाच्या खोबऱ्याचा तुकडा शंभूराजांच्या हातात तसाच होता.

“मग पुढं काय झालं?”

“पुढं काय व्हायचं? शेजारी तितंच रांगंत उभा! झाली की मारामारी. मी मधी पडलो म्हणून भीमाचे दात हायत आज तोंडात.”

तात्याबा उठले. पायरीपर्यंत गेले, रस्ता बघून आले, पुन्हा बसले. आज सकाळपासून त्यांचं हेच चाललं होतं. चंची सोडायची, पान न खाताच बांधायची. त्यांची बायको धोंडाबाई चुलीपुढून दोनदा म्हणाल्या होत्या, पायाला काय मुंग्या डसल्या का तुमच्या.

खरं तर आज बूड टेकून आनंदात बसायचा दिवस होता. कालच बातमी आली होती, दिवाळी झाली की गावच्या दूध केंद्रावर बटणाचं मशीन येणार. नळीत ॲसिड ओतायला नको, हातानं चक्र फिरवायला नको. वाटीभर दूध खाली धरायचं, बटण दाबायचं, की लाल आकड्यात फॅट हजर. ही बातमी ऐकून तात्याबांच्या छातीवरचा अकरा वर्षांचा धोंडा उतरला होता. तरी मन कुठं ठरत नव्हतं. कारण ही बातमी सांगितली तेव्हा घरातली सगळी काही ना काही बोलली, आणि सून योगिनी मात्र एक शब्दही बोलली नव्हती. परात घासत होती, ती घासतच राहिली.

धोंडा कसला, ते सांगायला हवं. चौऱ्याऐंशी साली तात्याबांनी रस्त्याकडेची आपली खोली दूध संस्थेला दिली आणि बदल्यात पोराला सचिव केलं. तीन दिवस साहेब शिकवायला आला. चौथ्या दिवशी दादासोनं ॲसिडच्या बाटलीचं बूच उघडलं, वास नाकात गेला, आणि सचिवसाहेबांनी नव्याकोऱ्या रजिस्टरवर उलटी करून तिथंच अंग टाकलं. बाहेर सत्तर माणसं किटल्या घेऊन उभी. तात्याबांनी दारात येऊन सांगितलं, पोराला ऊन लागलं. आत वळून बघतात तर सहा महिन्यांपूर्वी लग्न होऊन आलेली, इंदापूरला दहावी झालेली सून पदरानं नाक बांधून नळ्या भरत होती. साहेब शिकवत होता तेव्हा ती चहा द्यायला यायची. तेवढ्यात शिकली होती.

“आजच्या दिवस कर गं बाई,” तात्याबा म्हणाले होते.

तो दिवस अकरा वर्षं चालला. मधे एक पडदा लागला. पडद्याअलीकडं दादासो रजिस्टर लिहायचा, पलीकडून आकडा यायचा. गावाला हे ठाऊक होतं आणि गावानं ते कुणाला सांगितलं नव्हतं. आणि पडद्यावर कुणाची नजर टिकू नये म्हणून तात्याबांनी दादासोच्या पारखीच्या गोष्टी सुरू केल्या. पहिल्या वर्षी तो दूध चाखून गाय का म्हैस ते सांगायचा. आता तो कणसं मोजत होता.

टेम्पोचा भोंगा वाजला. अय्युब मोकळे कॅन घेऊन बारामतीहून परतला होता. रोज तो कॅन केंद्रावर उतरवून परस्पर पुढं जायचा. आज टेम्पो दारात थांबवून तो आत आला.

“सलाम तात्या. सचिवसाहेब कुठं हायत?”

“रजिस्टर बंद करून येईल येवढ्यात. काय, दूध फुटलं काय?”

“दूध बेस हाय. एक कागद परत आलाय.” अय्युबनं खिशातून लांबट पाकीट काढलं. “वहिनींनी सकाळी कॅनच्या झाकणाखाली ठिवून दिला. म्हणल्या, एमआयडीसीत ती दुधाच्या पावडरची नवी कंपनी झालीय, तिच्या गेटावर द्या. आता दूधकंपनीला द्यायचा निरवांगीचा कागद म्हणजे त्यावर सचिवाची सही आन् शिक्का पायजे. त्याबिगर मी कागद उतरवत न्हाय, रूटचा नियमच हाय तसा. गेटावर गेलो, बघतो तर शिक्काच न्हाय! म्हणलं, वहिनी घाईत इसरल्या असतील. शिक्का मारून द्या, सांच्याच्या खेपंला पोचवतो.”

अय्युबचा ह्यात काही दोष नव्हता. निरवांगीत काहीही कुठंही पाठवायचं तर ते दुधाच्या टेम्पोतूनच जायचं. औषधाची चिठ्ठी, लग्नाची याद, लेकीला धाडलेली मिरची, सगळं कॅनबरोबर. पोस्टाची पेटी तात्याबांच्या पायरीसमोरच होती आणि पोस्टमन रोज त्यांच्याकडं चहा प्यायचा. पेटीत पडलेलं पाकीट कुणाचं आणि कुणाला, हे तात्याबांना पोस्टमास्तरच्या आधी कळायचं. म्हणून योगिनीनं पेटी टाळली. पण टेम्पोनं कंपनीला जाणाऱ्या कागदाला शिक्का लागतो हे तिच्या ध्यानातच आलं नाही. कारण अकरा वर्षं कागद ती तयार करायची आणि शिक्का दुसरा मारायचा.

तात्याबांनी पाकीट उलटंसुलटं केलं. जावयापुढं धरलं.

“बघा बरं काय म्हणतंय.”

“बंद हाय ते,” सरुबाई म्हणाली. “तिचं हाय.”

“घरातनं गेलेला कागद घराचा.”

शंभूराजांनी बायकोकडं पाहिलं, सासऱ्याकडं पाहिलं आणि पाकीट फोडलं. हाताला सवयच तशी. सरकारी आवाज लावून ते वाचू लागले.

“‘प्रति, माननीय व्यवस्थापक साहेब. विषय, दूध तपासणीच्या कामाबाबत. महोदय, आपल्या कंपनीने कोणतीही जागा भरायची आहे असे कळवलेले नाही, हे मला माहीत आहे. तरीही मी आपणहून लिहीत आहे.’”

“बोलावल्याबिगर?” धोंडाबाई पिठाच्या हातानं बाहेर आल्या. “न बोलावता लग्नाला जाईना कुणी, आन् ही कंपनीत निघाली?”

“वाचू द्या की आई,” सरुबाई म्हणाली.

“‘मी निरवांगी येथील केंद्रावर गेली अकरा वर्षे सकाळ-संध्याकाळ फॅट व डिग्री काढते. रोजचे नव्वद ते शंभर नमुने, हाताने फिरवायच्या यंत्रावर. दुधात पाणी घालून वर साखर टाकली तर लॅक्टोमीटरवर डिग्री बरोबर लागते, पण ॲसिड ओतल्यावर नळीतला रंग जास्त काळा होतो. हा फरक मला दिव्याशिवाय दिसतो. आपल्याकडे टँकर येतील. टँकरमध्ये गावोगावचे दूध एक झाले की खोट कुणाची ते सापडत नाही. ते गावातच कसे अडवायचे हे मी करून दाखवू शकते, आणि दुसऱ्या बायकांना शिकवू शकते.’”

शंभूराज थांबले. सरकारी आवाज गेला होता. “चांगलं लिहिलंय हो,” ते हळूच म्हणाले.

“फुडं वाचा,” तात्याबा उभे राहिले होते.

“‘मला एक दिवस बोलावून पाहावे. शंभर नमुने झाकून ठेवावेत. पाच चुकले तर मी येण्याजाण्याचे भाडे मागणार नाही. केंद्राच्या रजिस्टरवर माझी सही नाही. सही माझ्या यजमानांची आहे. त्यात त्यांचा दोष नाही, त्यांना ॲसिडचा वास सोसत नाही. परंतु काम माझे आहे. आपली विश्वासू, योगिनी दादासो…’”

पुढचं आडनाव त्यांनी वाचलं नाही, कारण दारात दादासो उभा होता. पायातली चप्पल एक काढलेली, एक तशीच. त्यानं कुठपासून ऐकलं ते कुणी विचारलं नाही. त्याचं तोंड बघूनच कळत होतं.

आणि त्याच्या मागं, केंद्राची किल्ली हातात घेऊन, योगिनी.

तात्याबांना काही सुचेना. त्यांच्या उभ्या जन्मात असं चारदा झालं असेल, आणि त्यातल्या दोन वेळा ते झोपेत होते.

“माजं पाकीट कुणी फोडलं?” योगिनीनं विचारलं.

“मी,” शंभूराज म्हणाले. “चुकलंच.”

“चुकलं-बिकलं काय न्हाय!” धोंडाबाईंचा आवाज चढला. “नवऱ्याचं नाव परक्याच्या टेबलावर नेऊन टाकायला निघाली ही. वास सोसत न्हाय म्हणं! उद्या सगळी बारामती हसंल.”

“त्यांचा दोष न्हाय असंच लिहिलंय, आत्याबाई.”

“दोष न्हाय असं लिहावं लागलं, तितंच दोष आला की गं.”

तात्याबा खिडकीपाशी गेले, परत आले. “पोरी, काय कमी हाय तुला हितं? आता बटणाचं मशीन येतंय. तुझ्या डोक्याचा ताप जाणार. दादासो दाबंल बटण. तू आपली निवांत घरात.”

“तेच की,” योगिनी म्हणाली. ती भांडायच्या सुरात बोलत नव्हती, पण थांबतही नव्हती. “मशीन आलं की पडदा निघंल, मामंजी. पडदा निघाला की त्याच्यामागं कोण हुतं हे कुणाला सांगून खरं वाटायचं? तुमच्या कणसाच्या गोष्टी ऱ्हातील. माझ्याकडं एक कागद न्हाय. मला येतं ते मी हितंच मरू देऊ?”

दादासोनं दुसरी चप्पल काढली आणि भिंतीला टेकून खाली बसला. बायकोकडं त्यानं पाहिलं नाही. बापाकडंही नाही. टॉवेलच्या दशा ओढत बसला.

“दादा, तू बोल की काहीतरी,” सरुबाई म्हणाली.

दादासोनं मान हलवली. व्हय की न्हाय, ते कळलं नाही.

अय्युब पायरीवर चुळबुळत होता. “तात्या, मी येतो. मला लासुर्ण्याचे कॅन टाकायच्यात.”

“थांब!” तात्याबा ओरडले. ओरडताना त्यांना सुचलं. त्यांना नेहमी असंच सुचायचं, आधी तोंड उघडायचं आणि मग आतून काय येतं ते स्वतःच ऐकायचे. “कागद जाणार. सांच्याच्या खेपंलाच जाणार. आमी काय अडाणी हाय व्हय, सुनंचं चांगलं अडवायला?”

योगिनीनं त्यांच्याकडं पाहिलं. बारा वर्षं ओळखत होती, म्हणून ती हसली नाही.

“फकस्त नाव बदलायचं,” तात्याबा म्हणाले. “अर्ज दादासोच्या नावानं जाऊ दे. अकरा वर्षं रजिस्टरवर सही त्याची. कंपनी सही बघणार का पडदा? त्याला घेतलं की तू संगं जाशीलच. हितं करतीस तेच तितं करायचं. कामबी तुझंच, नावबी घरातच. काय शंभूराव?”

शंभूराजांनी डोकं खाजवलं. “कागदोपत्री बघितलं तर… सोपं पडंल. संस्थेचा दाखला सचिवाच्याच नावानं निघणार. तिच्या नावानं काय निघणार?”

“आत्ता कसं!” धोंडाबाई म्हणाल्या.

“म्हंजी कंपनीतबी पडदा लावायचा?” सरुबाईनं नवऱ्याकडं डोळे वटारले. “बारामतीला जाऊन? तितले साहेब काय पडद्यापलीकडनं आकडा ऐकून घेत्यात?”

“तू गप गं आक्का,” तात्याबा म्हणाले. “तुझं लग्न वडगावला झालं ते ह्याच पोराच्या नावावर. सचिवाची भैन म्हणून.”

“व्हय का? मला वाटलं माझ्याकडं बघून झालं.”

शंभूराज खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकून मोकळे झाले. ह्या विषयावर बोलणं त्यांच्या फायद्याचं नव्हतं.

पण पेन त्यांच्याच खिशाला होतं, आणि तात्याबांनी फडताळातल्या जुन्या रजिस्टरमधला कोरा ताव काढून त्यांच्या मांडीवर ठेवला. योगिनी खांबाला धरून उभी राहिली. जावं की थांबावं, हे तिच्या पायांनाच कळत नव्हतं. किल्ली ह्या हातातून त्या हातात जात होती.

“लिहा,” तात्याबा फेऱ्या घालू लागले. “‘अर्जदार दादासो तात्याबा ह्यांस दुधाची जन्मजात पारख आहे.’”

“जन्मजात,” शंभूराज लिहीत म्हणाले.

“‘लहानपणी ते आईचं दूध पिताना आईनं काय खाल्लं ते सांगत.’”

“अहो!” धोंडाबाई ओरडल्या.

“बरं, ते ऱ्हाऊ द्या. ‘दूध कॅनमधे पडताना नुसत्या आवाजावरून ते फॅट सांगतात. एकदा एका साहेबानं चुन्याची निवळी ठेवून फसवून बघितलं, तर ह्यांनी साहेबाची बदली कुठं होणार तेबी सांगितलं.’”

“हे कसं लिहू, मामा?”

“जसं सांगतोय तसं. कंपनीला माणूस वजनदार वाटला पायजे. मिळमिळीत लिहून भागत न्हाय. हिचं बघा, पाच चुकले तर, म्हणं! चुकल्याचं कोण आपणहून लिहितं का?”

“जो करतो तो लिहितो,” योगिनी म्हणाली.

तात्याबांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. पण पावलांची गती वाढली. त्यांना जाणवत होतं की आज गोष्ट नीट धरत नाहीय. रोज ते बोलायला लागले की समोरची माणसं पुढं सरकायची. आज जावई कागदावर मान घालून होता, लेक तोंड फिरवून, पोरगा दशा ओढत. एकटा अय्युब ऐकत होता, तोही पायरीवरून.

धोंडाबाई दारात उभ्याच होत्या. चूल विझत आली तरी आत गेल्या नाहीत. मेंढरं होती त्या काळात, लोणंदच्या माळावर, लांडगा आला होता. तात्याबांनी एकट्यानं काठीनं तो कसा लोळवला, हे ह्या घरात तीन पिढ्यांनी ऐकलं होतं. काठी कुणाच्या हातात होती आणि झाडावर कोण होतं, हे फक्त दोघांना माहीत होतं.

“लिहा, लिहा,” धोंडाबाई अचानक म्हणाल्या. मघाचा चढा आवाज नव्हता. “लांडग्याचंबी लिहा त्यात. तेबी असंच झालं हुतं.”

तात्याबा जागच्या जागी थांबले. चाळीस वर्षांत म्हातारी ह्यावर एक अक्षर बोलली नव्हती. त्यांनी तिच्याकडं पाहिलं. ती सुनेजवळ सरकली होती, पिठाचा हात तिच्या पदराला लागू नये म्हणून अंगाशी धरून.

“त्याचा हितं काय संबंध?” ते म्हणाले.

“काय न्हाय. म्हणलं, कागद चाललाच हाय तर.”

शंभूराजांनी पेन वर धरलं. “मामा, थांबू का?”

“थांबता कशाला? शेवट राहिलाय.” तात्याबांनी पुन्हा चाल धरली. आता थांबलो तर संपलो, असं त्यांना वाटत होतं. चंची हातात गच्च, आवाज दोन पट्ट्या वर. “‘तरी अशा गुणी माणसास आपण घ्यावे. ह्या माणसानं अकरा वर्षांत चार लाख नळ्या काढल्या, एक फुटली न्हाय. ॲसिडशी रोजची गाठ. भल्याभल्यांची कातडी सोलली त्यानं. पण अर्जदाराच्या हातावर आजपर्यंत एक डाग न्हाय. वाटलं तर बघून घ्यावे.’ झालं. दादासो, ऊठ. सही कर. अय्युब थांबलाय.”

दादासो उठला. शंभूराजांच्या पुढ्यात आला. त्यांनी पेन दिलं ते त्यानं घेतलं नाही. दोन्ही तळहात पसरून त्यानं आपल्याच हातांकडं पाहिलं, कुणी दुसऱ्याची वस्तू हातात दिल्यासारखं. स्वच्छ होते. बोटाला तेवढी शाई. मग पहिल्यांदाच त्यानं खांबाकडं पाहिलं. किल्लीवर गच्च आवळलेली योगिनीची बोटं, त्यांवरचे पांढरे चट्टे, अंगठ्याच्या मुळाशी कातडं चुरगळून पुन्हा आलेलं.

“सोड रे इचार,” तात्याबा म्हणाले. “कागदावरचं कोण बघतंय?”

“दाजी, तो ताव फाडा,” दादासो म्हणाला. “तिचा कागद अय्युबभाईला द्या. सही-शिक्का लागत नसतो त्याला, तिचं नाव हाय त्यावर.”

“आरं पर—”

“माझ्या हातावर डाग न्हाय, येवढंच खरं सांगितलंत, तात्या.” त्याचा आवाज रस्त्यापर्यंत जात होता आणि त्यानं तो जाऊ दिला. “बाकी सगळं खोटं हाय. नळी मी एक दिवसबी हातात धरली न्हाय.”